अंतर तेच, वेळ वेगळी

हेलसिंकी ते टोकियो विमानाने जायला किती वेळ लागतो?

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तुम्ही तो कुठल्या साली विचारताय त्यावर अवलंबून आहे. १९८३ साली विचारलंत तर तेरा तासांच्या वर. २०१९ साली विचारलंत तर साडेनऊ तासांच्या आसपास. आणि २०२३ साली विचारलंत तर... पुन्हा तेरा तास!

आता गंमत बघा. या चाळीस वर्षांत हेलसिंकी जागचं हललेलं नाही, टोकियोही नाही. दोन्ही विमानतळांमधलं अंतर तेव्हाही साधारण ७,८०० किलोमीटर होतं आणि आजही तेवढंच आहे. जेट विमानांचा वेगही या काळात फारसा बदललेला नाही. मग मधले तीन-चार तास आले कुठून, गेले कुठे आणि परत आले कसे?

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच कोडवर पोट भरणारे आहेत. त्यांना दोन विमानतळांमधलं अंतर काढायला सांगितलं तर दहा मिनिटांत फंक्शन लिहून देतील. दोन अक्षांश-रेखांश आत टाकायचे, किलोमीटर बाहेर येतात, त्याला ताशी ८५० ने भागलं की वेळ. हेलसिंकी-टोकियोला हे फंक्शन सव्वानऊ तास सांगतं. म्हणजे ते २०१९ साली जवळपास बरोबर, आणि १९८३ आणि २०२३ साली साफ चूक. कोड तोच, इनपुट तेच, आउटपुट तेच, पण जगाचं उत्तर वेगळं. असला बग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तर मंडळी, या वीकेंडला या बगचा इतिहास. (हेलसिंकीशी आपलं काय घेणंदेणं, असं वाटत असेल तर थोडा दम धरा. शेवटी गाडी दिल्लीला येणार आहे.)

आधी अंतर

सोप्या भागापासून सुरू करू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा बघून आपल्याला वाटत असतं की मुंबईहून अमेरिकेला जायचं म्हणजे अरबस्तान, भूमध्य समुद्र, मग अटलांटिक, असं सरळ पश्चिमेला जायचं. दोरा तसा जातच नाही. तो पाकिस्तान, अफगाणिस्तानवरून वर सरकतो, रशियात शिरतो, स्कँडिनेव्हिया आणि आइसलंडवरून जातो आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्कला उतरतो. हाच सगळ्यात जवळचा रस्ता, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून सुरी फिरवून तिचे दोन सारखे तुकडे केले, तर सालीवर जी रेघ उमटेल ते बृहद्वृत्त.

आपली दिशाभूल करतो तो मर्केटर. त्याने १५६९ साली जो नकाशा काढला तो खलाशांसाठी होता. त्यावर दोन बंदरांमध्ये सरळ रेघ मारायची आणि होकायंत्राचा कोन एकच ठेवून जहाज हाकायचं. सोय झाली, पण ती रेघ सगळ्यात जवळची नसते. शाळेत भिंतीवर हाच नकाशा टांगलेला असायचा, त्यामुळे तो आपल्या डोक्यात पक्का बसलाय.

दोरा न वापरता हे अंतर काढायचं तर गोलावरची त्रिकोणमिती लागते, आणि इथे आपल्याकडची एक जुनी ओळख भेटते. शाळेत आपण 'साइन' म्हणून घोकतो तो शब्द मुळात आपला 'ज्या' आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच 'जीवा'ही म्हणत. अरबांनी तो शब्द उचलला, त्यांच्या लिपीत स्वर गळाले, पुढच्यांनी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा खळगा. लॅटिन भाषांतरकाराने इमानदारीत त्याचं भाषांतर केलं 'सायनस', आणि त्याचा झाला साइन! ज्येची एक बहीणही आहे, उत्क्रमज्या, म्हणजे एकातून कोसाइन वजा केल्यावर जे उरतं ते. सूर्यसिद्धान्तात तिचेही आकडे दिलेले आहेत. इंग्रजीत तिला व्हर्साइन म्हणतात.

या उत्क्रमज्येचं अर्ध म्हणजे हॅवरसाइन. आज जगातली बहुतेक डिस्टन्स फंक्शन्स ज्यावर चालतात ते हॅवरसाइन सूत्र ते हेच. हे नाव जेम्स इन्मन नावाच्या इंग्रज नौकानयनाच्या प्राध्यापकाने १८३५ साली आपल्या पुस्तकात वापरलं. ती का घेतली? कारण तेव्हा गुणाकार लॉगरिदमच्या कोष्टकांवर चालत. ऋण संख्येचा लॉगरिदम निघत नाही, आणि हॅवरसाइन कधी ऋण होतच नाही. हलणाऱ्या जहाजावर, कंदिलाच्या उजेडात, दमलेल्या माणसाने गणित केलं तरी चिन्हाची चूक होऊ नये, अशी ती योजना होती. (हे 'चिन्हाची चूक' लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

कॉम्प्युटर आल्यावर कोष्टकं अडगळीत गेली, पण हॅवरसाइन टिकली. कारण दुसरं एक कोसाइनचं सूत्र आहे, दिसायला सुटसुटीत, पण दोन ठिकाणं अगदी जवळ असली की कोसाइन एकच्या इतका जवळ जातो की पुढचे दशांश गळून जातात आणि उत्तर बिघडतं. १९८४ साली रॉजर सिनॉट यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात हॅवरसाइनची तरफदारी करणारा छोटासा लेख लिहिला, आणि प्रोग्रामर मंडळींनी ती जी धरली ती आजतागायत.

करूनच बघू. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. अक्षांशांतला फरक ३२.३८ अंश. त्याच्या निम्म्याचा साइन काढून वर्ग करा, ०.०७८. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. त्याच्याही निम्म्याच्या साइनचा वर्ग करा आणि त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा, ०.२१०. बेरीज ०.२८८. वर्गमूळ ०.५३६. हा ज्याचा साइन तो कोन ३२.४ अंश, त्याची दुप्पट ६४.९ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. उत्तर आलं सुमारे ७,२०० किलोमीटर. झालं!

पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, म्हणून या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची खोट असते. तीही नको असेल तर थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिलेली रीत आहे, ती मिलिमीटरपर्यंत जाते. पण खरं सांगू का? मुंबईवर गर्दी असली की विमान उतरण्याआधी घिरट्या घालण्यातच यापेक्षा जास्त किलोमीटर खातं.

थोडक्यात, अंतराचा प्रश्न सुटलेला आहे. जेव्हा विमान नव्हतं तेव्हाच सुटला होता.

मग रेघ

पण बृहद्वृत्तावरून उडायचं कसं? या रेषेवर होकायंत्राचा कोन सतत बदलत असतो. दर मिनिटाला सुकाणू थोडं थोडं फिरवत राहणं कुणालाच शक्य नाही.

१९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला तेव्हा त्याने जे केलं ते आपल्याला लगेच पटेल. त्याने बृहद्वृत्ताचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे केले. प्रत्येक तुकडा सरळ रेघ समजायची, तुकडा संपला की कोन थोडा बदलायचा. सुमारे ३,६०० मैल, साडेतेहतीस तास. वक्र रेषेला सरळ तुकड्यांनी गाठायचं, आपण ग्राफिक्समध्ये वर्तुळ काढताना करतो तेच. आजही विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये मार्ग असतो तो अशाच ठरावीक बिंदूंची माळ असतो. फरक एवढाच, की लिंडबर्गने बिंदू स्वतः ठरवले होते. आज ते कुठून जायचे हे फक्त गणित ठरवत नाही.

मग वारा

वेळेच्या गणितात पहिली गडबड करतो वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो, आणि हवाच पळत असेल तर?

वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून जपानच्या आकाशात खूप उंचावर वाहणारा जोरकस पश्चिमी वारा मोजला. आपलं काम जगाने वाचावं म्हणून त्याने १९२६ साली अहवाल छापला, तो एस्पेरांतो भाषेत! सगळ्या जगाची समाईक भाषा म्हणून तयार केलेल्या या भाषेत लिहिल्यामुळे तो जगात जवळपास कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून बॉम्ब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना तो वारा आडवा आला तेव्हा त्यांना नवलच वाटलं. त्यालाच आपण आज जेट स्ट्रीम म्हणतो. १९५२ साली पॅन ॲमने टोकियो-होनोलुलू विमान मुद्दाम या वाऱ्यात घातलं, आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला.

आपल्याकडचं उदाहरण याहून गमतीदार आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकवरचा रस्ता होता सुमारे १३,९०० किलोमीटर, पॅसिफिकवरचा १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा साधारण दोन तास कमी. कारण तिकडून जाताना वारा विमानाच्या पाठीशी असतो. लांबचा रस्ता लवकर पोचवतो, हे आपल्या फंक्शनला कधीच कळणार नाही.

पण हेलसिंकी-टोकियोचे चार तास वाऱ्याने समजावता येत नाहीत. वारा दर मोसमात बदलतो. चाळीस वर्षांतून दोनदाच, आणि तोही ठरवून, बदलत नाही.

मग कुंपण

गोलावर हेलसिंकी-टोकियोचा दोरा ताणला तर तो फिनलंडची सीमा ओलांडून जवळजवळ सबंध रस्ताभर रशियावरून जातो. आणि १९४४ च्या शिकागो कराराचं पहिलंच कलम असं सांगतं की प्रत्येक देशाच्या डोक्यावरचं आकाश हे पूर्णपणे त्या देशाच्या मालकीचं. (सोव्हिएत युनियन तर या करारात १९७० पर्यंत आलंच नव्हतं.) म्हणजे जमिनीवरचं कुंपण सरळ वर, विमानाच्या उंचीपर्यंत आणि त्याच्याही वर गेलेलं. शीतयुद्धात सायबेरियाचं आकाश पाश्चात्त्य विमानांना जवळपास बंदच होतं. १९७० नंतर मोजक्या कंपन्यांना परवानगी मिळाली, तीही मॉस्कोत थांबून जायची.

मग युरोपातून जपानला जायचं कसं? पूर्वी जायचे ते मध्यपूर्व आणि दक्षिण आशियातून, थांबत थांबत, दोन-दोन दिवस. १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने म्हणजे एसएएसने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवावरून अलास्कातलं अँकरेज आणि तिथून टोकियो अशी सेवा सुरू केली. पन्नासेक तासांचा प्रवास तीसेक तासांवर आला. ध्रुवाजवळ होकायंत्र कामाचं नसतं, म्हणून त्यासाठी खास जायरोस्कोप आणि नकाशावर चौकटी आखून दिशा ठरवायची वेगळी रीत वापरली. पुढची तीसेक वर्षं युरोप-जपान प्रवासात अँकरेजचा थांबा हा नेहमीचा झाला. नकाशात बघाल तर तिथे थांबायचं काही कारण दिसत नाही. कारण नकाशात नाहीच, ते राजकारणात आहे.

या वळशाची खरी किंमत मात्र तासांत मोजलेली नाही.

२० एप्रिल १९७८. कोरियन एअरलाइन्सचं ९०२ नंबरचं विमान पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालं. बोइंग ७०७ होतं, आपोआप जागा सांगणारी यंत्रणा नव्हती, ध्रुवाजवळचं सगळं गणित माणसाने करायचं. मध्येच कुठेतरी विमान वळायला लागलं आणि वळत वळत थेट सोव्हिएत हद्दीत, कोला द्वीपकल्पावर जाऊन पोचलं. लष्करी विमानाने त्यावर क्षेपणास्त्र सोडलं. पंख फाटलेलं विमान वैमानिकाने एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. १०९ जणांपैकी दोघे गेले. या भरकटण्याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण काय माहितेय? होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक मिळवायच्या जागी वजा केला, किंवा उलट. चिन्हाची चूक! इन्मनची हॅवरसाइन जिथे पोचत नाही तिथली.

आणि मग १ सप्टेंबर १९८३. कोरियन एअरलाइन्सचंच ००७ नंबरचं जंबो. न्यूयॉर्कहून निघालं, अँकरेजला इंधन घेतलं आणि सोलला निघालं. सुमारे ६,१०० किलोमीटरचा टप्पा. ठरलेला मार्ग सोव्हिएत हद्दीच्या अगदी कडेकडेने जाणारा. या विमानात मात्र आधुनिक यंत्रणा होती, एक सोडून तीन. त्यात बिंदूंची माळ भरायची, ऑटोपायलटचा खटका त्या यंत्रणेवर ठेवायचा, की विमान माळेवरून जात राहतं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ साली ब्लॅक बॉक्सची माहिती मिळाल्यावर जो निष्कर्ष काढला तो वाचून कुठल्याही प्रोग्रामरच्या पोटात गोळा येईल. विमान सबंध वेळ एकाच होकायंत्री कोनावर उडत राहिलं. एक तर खटका 'हेडिंग'वरच राहिला. किंवा तो फिरवला, पण तोवर विमान ठरलेल्या रेषेपासून साडेसात नॉटिकल मैलांहून लांब गेलेलं होतं. असं झालं तर यंत्रणा मार्ग पकडायची वाट बघत राहते आणि तोवर जुनाच कोन धरून ठेवते. भोंगा नाही, ओरडा नाही. आपण ज्याला सायलेंट फेल्युअर म्हणतो ते.

कामचात्का ओलांडलं, शेकडो किलोमीटर भरकटलं, सखालिनवर आलं. वैमानिकांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. सोव्हिएत लढाऊ विमानाने क्षेपणास्त्रं सोडली. २६९ माणसं होती, एकही वाचला नाही. सोव्हिएत युनियनने ब्लॅक बॉक्स समुद्रातून काढून वर्षानुवर्षं लपवून ठेवले. युनियन मोडल्यावर येल्त्सिनच्या काळात, १९९२-९३ मध्ये ते बाहेर आले.

एरवी असल्या चुकीने काय झालं असतं? विमान उशिरा पोचलं असतं, वैमानिकांची चौकशी झाली असती. चूक यंत्राची की माणसाची यावर वाद घालता येईल, पण चुकीला मृत्यूची शिक्षा होती ती खाली कुंपण होतं म्हणून.

त्या घटनेनंतर पंधरवड्यात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की लष्करासाठी उभी राहत असलेली जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी विमानांनाही फुकट वापरता येईल. १९९५ साली ती पूर्ण झाली. नागरी वापरासाठी मुद्दाम घातलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढली. आज रिक्षावाला ॲपवर आपल्या दारात येतो त्या निळ्या ठिपक्याच्या वंशावळीत ती २६९ माणसं आहेत.

त्याच १९८३ सालच्या एप्रिलमध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो थेट सेवा सुरू केली होती. डीसी-१० विमानात जादा इंधन भरायचं, सरळ उत्तरेला ध्रुवावर जायचं, तिथून बेरिंगच्या सामुद्रधुनीतून खाली जपानला यायचं. सोव्हिएत आकाशाला हातही लावायचा नाही. तेरा तासांच्या वर. आपल्या कोड्यातलं पहिलं उत्तर ते हे.

कुंपण उघडलं, कुंपण मिटलं

शीतयुद्ध संपलं आणि सायबेरियाचं आकाश खुलं झालं. फुकट नव्हे हं. वरून जायचे पैसे विमान कंपन्यांनी एअरोफ्लोतला मोजायचे, आणि त्यावर युरोप-रशिया यांची वर्षानुवर्षं कुरबुर चालली. पण रस्ता मिळाला. हेलसिंकीला तर लॉटरीच लागली. युरोपातून पूर्व आशियाला जायचा दोरा बहुतेक वेळा तिच्याजवळूनच जातो. लोक युरोपभरातून तिथे येऊन टोकियो, सोल, शांघायचं विमान पकडू लागले. साडेनऊ तास. आपलं दुसरं उत्तर. अँकरेजचं उतारूंचं महत्त्व ओसरलं, तिथे थांबत राहिली ती मालवाहू विमानं.

मग २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चारच दिवसांत युरोपने रशियन विमानांना आकाश बंद केलं आणि रशियाने छत्तीस देशांच्या विमानांना. फिनएअरने जुनी वही उघडली. जाताना पुन्हा ध्रुवावरून. पुन्हा तेरा तास. उतारूंना 'तुम्ही उत्तर ध्रुवावरून गेलात' असं प्रमाणपत्रही देऊ लागले. चाळीस वर्षांपूर्वीही अशीच प्रमाणपत्रं वाटायचे. मला यात कौतुकापेक्षा वाईट जास्त वाटतं. प्रगतीचं चाक एका आठवड्यात चाळीस वर्षं मागे फिरलं आणि आपण त्याची आठवण म्हणून कागद देतोय.

आता दिल्ली

आपण म्हणू, हे युरोपवाल्यांचं दुखणं. भारतीय विमानांना रशियाचं आकाश खुलंच राहिलं होतं. जून २०२३ मध्ये एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे पूर्व रशियातल्या मगादानला उतरलं, तेव्हा ते जगभर बातमीत आलं ते त्यामुळेच.

पण आपलं कुंपण आपल्या दाराशी आहे. बालाकोटनंतर, २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते १६ जुलैपर्यंत. मुंबईहून आखातात जाणाऱ्याला याचा फारसा पत्ता लागत नाही, विमान अरबी समुद्रावरून जातं. दिल्लीकराला मात्र पश्चिमेला जायचं तर आधी गुजरातपर्यंत खाली उतरून समुद्र गाठावा लागतो. इंडिगोने त्याच मार्चमध्ये दिल्ली-इस्तंबूल सुरू केलं, तर वळशामुळे इंधन पुरेना, मध्ये दोह्याला थांबावं लागलं. एकट्या एअर इंडियाचं जुलैच्या सुरुवातीपर्यंतचं नुकसान सरकारने राज्यसभेत सांगितलं: ४९१ कोटी रुपये.

आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ ला, पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा आकाश बंद केलं. ३० एप्रिलला आपण त्यांना केलं. मग दर महिन्याला मुदत वाढत गेली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबू लागली, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. व्हिएन्नाचा थांबा म्हणजे आपलं अँकरेजच की!

या बंदीची गरज होती की नव्हती, हा वाद मी इथे घालणार नाही, त्यासाठी टीव्ही आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही बंदी आपल्याला भाषणात ऐकू येते, पण दिसते ती तिकिटावरच्या वेळेत. शिकागोला राहणाऱ्या लेकीकडे पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या काकूंना मध्येच विमान का थांबलं हे कुणी नीट सांगत नाही. त्यांच्या सुजलेल्या पायांचा आणि एका सीमेचा थेट संबंध असतो.

तर मग फंक्शनचं काय करायचं? अंतराचा भाग तसाच ठेवा, तो इन्मनपासून चोख आहे. वेळेच्या भागात ८५० ने भागा, वर चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवर रांगेत थांबण्याचा अर्धा तास मिळवा, पूर्वेला जाताना वाऱ्याचे थोडे काढा, पश्चिमेला जाताना घाला. आणि मग खऱ्या वेळापत्रकाशी ताडून बघा. उत्तर जमलं तर समजा, वाटेतल्या देशांचं आपसात बरं चाललंय. दोन-तीन तासांचा फरक आला तर तो कोडमध्ये शोधू नका, तिथे सापडणार नाही.

पुढच्या वेळी विमानात समोरच्या स्क्रीनवर आपली रेघ कुठेतरी विनाकारण वाकलेली दिसली, तर सिनेमा लावायच्या आधी मिनिटभर त्या वाकलेल्या जागेकडे बघा. आत कुठला देश राहिलाय ते वाचा. कोण कोणाशी बोलत नाही ते कळेल.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.